सुटीवालीनं बांधावर यायचं नाही

आमच्या दवाखान्यात डायलिसिसच्या पाच खुर्च्या आहेत. खाटा नाहीत, खुर्च्याच. मागं रेलता येतं, पाय लांब करता येतात, आणि दोन खुर्च्यांचं रेक्झिन फाटलंय तिथं मीच चिकटपट्टी लावून ठेवली आहे. ज्यांच्या किडन्या बसल्या त्यांनी ठरलेल्या दिवशी यायचं, वजन करायचं, हातात दोन सुया टोचून घ्यायच्या आणि चार तास बसायचं. मशीन रक्त धुऊन परत अंगात सोडते. सकाळी पाच जण, दुपारी पाच जण, रविवार सोडून रोज. हे सगळं चालवायला आम्ही दोघीच होतो. मी इन्चार्ज आणि माझ्या हाताखाली शिरपूरची एक पोट्टी. पोट्टी म्हणते खरी, पण तिचं लग्न झालंय, तीन वर्षांची मुलगी आहे, आणि मशीन बिघडली तर माझ्या आधी तिलाच कळतं.

मी वाशीमला लागून असलेल्या मळ्यातली. आमच्याकडे वांगी, मेथी, पालक आणि सांबार होतो. सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडाबाहेरच्या वाचणाऱ्यांनी उगाच इडली आठवू नये. मी माहेरीच राहते. का, ते या गोष्टीत येत नाही.

मला काही वाटेनासं कधी झालं, ते मला सांगता येणार नाही. एका दिवसात झालं असतं तर सांगितलं असतं. लोक म्हणायचे, ताई, थकल्या असाल. थकलेला माणूस कुरकुरतो, आदळआपट करतो. मी कुरकुरत नव्हते. सकाळी सहाला उठायची, डबा घ्यायची, जायची, सुया टोचायची, सुया काढायची, घरी यायची. भावजयीनं जे वाढलं ते खायची. एकदा तिनं भाजीत मीठच घातलं नव्हतं. सगळ्यांनी आरडाओरडा केला आणि माझं ताट तोवर चाटून पुसून झालं होतं. त्यावर सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसत होते.

आमच्या कामात एक गोष्ट आहे, ती कोणी तोंडानं बोलत नाही. कोणी गेल्याशिवाय कोणाचा नंबर लागत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये वाट पाहणाऱ्यांची यादी असते. खुर्चीवरचा माणूस वारला की यादीतल्या पहिल्याला फोन करायचा, ‘खुर्ची रिकामी झाली, उद्यापासून या.’ तो बिचारा तोवर डायलिसिससाठी अकोल्याला जाऊन येऊन अर्धा झालेला असतो. त्यामुळे फोन लगेच करावा लागतो. त्यात चूक काहीच नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक रिटायर मास्तर होते. चार वर्षं माझ्याकडे येत होते. एका मंगळवारी आलेच नाहीत, आणि दहा वाजता त्यांच्या पुतण्याचा फोन आला की काका पहाटे गेले. मी बरं म्हटलं. एका पेशंटचं प्रेशर पाहिलं, हात धुतले आणि यादीतल्या पहिल्या माणसाला फोन लावला. त्याचं नाव आणि मास्तरांचं नाव मोबाईलमध्ये एकाखाली एक होतं. पलीकडून बाई बोलली. मी म्हटलं, “दवाखान्यातून बोलतेय. खुर्ची रिकामी झाली. गुरुवारपासून पेशंटला घेऊन या.”

मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. मग ती बाई अगदी शांतपणे म्हणाली, “हाव ताई. इकडली बी रिकामी झाली.”

ती मास्तरांची बायको होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती दाराबाहेरच्या बाकावर स्वेटर विणत बसायची. मी तिच्या हातचं थालीपीठ खाल्लेलं होतं.

आता इथं मी काय केलं ते लिहिते, कारण ते न लिहिता बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी “चुकून लागला” म्हटलं, फोन ठेवला आणि खालचा नंबर लावला. गुरुवारची जागा भरली आणि मी चहा प्यायले. चहा गार होता, तेवढं आठवतं.

दुपारी शिरपूरचीला मी हे सांगितलं, एखादी गंमत सांगावी तसं. “पाह्य वं, आज काय झालं.” तिनं ऐकलं. मशीनच्या नळ्या धूत होती, धूतच राहिली. मग म्हणाली, “मंग त्या दुसऱ्याले लावला ना फोन?”

बस. एवढंच.

आणि तिथं मला पहिल्यांदा भीती वाटली. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. कारण ही पोरगी अशी नव्हती. नोकरीला लागली त्या पहिल्या महिन्यात सकाळच्या बॅचमधली एक तरणी बाई गेली, तेव्हा ही स्टोअरमध्ये सामानाच्या खोक्यांच्या मागं बसून हमसून हमसून रडली होती. मी तिथं जाऊन काय म्हटलं असेल? “इथं रडायचं असंन तर दुसरी नोकरी पाह्य. बाहेर पाच माणसं मशीनवर हायेत.” ती उठली, तोंड धुतलं, कामाला लागली. त्यानंतर दोन-तीनदा डोळे लाल दिसले. नंतर तेही नाही. मी मनात म्हटलं होतं, चला, तयार झाली. तयार झाली! माझ्यासारखी दुसरी एक मीच तयार केली होती, आणि वर तिचं कौतुक डॉक्टरसाहेबांकडे केलं होतं.

संध्याकाळी निघताना मी तिला सहज विचारलं, “पोरगी कशी हाय?”

“हाय,” ती म्हणाली. “आजकाल सासूजवळच झोपते. माह्याजवळ येत नाई आता. बरंच हाय म्हना, झोप तं होते.” हेसुद्धा तिनं त्याच आवाजात सांगितलं. मी बसस्टँडपर्यंत तिच्यासोबत चालले आणि मला एकच कळत होतं, की माझं जे व्हायचं ते होऊन गेलंय, पण हिचं अजून अर्धंच झालंय.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरसाहेबांकडे गेले. दवाखाना त्यांचाच. माणूस वाईट नाही, फक्त सतत घाईत. मी बसायच्या आधीच म्हणाले, “ताई, माणूस मागू नका. शिकलेला पोरगा पुण्याला जातो, इथं कोण येतो? दोनदा जाहिरात दिली.”

“नवा माणूस मांगतच नाई,” मी म्हटलं. “आहे तोच फिरवा.”

“म्हणजे?”

म्हणजे काय, ते मला मळ्यातून ठाऊक होतं. माझी माय आणि शेजारच्या तीन मळ्यांतल्या बाया सावड करायच्या. आज मिळून आमची वांगी तोडायची, उद्या दुसरीची मेथी खुडायची, परवा तिसरीचं निंदण. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही, कामाच्या बदल्यात काम. ते तर सगळीकडेच असतं. पण आमच्या चौघींमध्ये एक जास्तीची गोष्ट होती. रोज तिघीच कामाला, चौथीला सुटी. ज्या दिवशी जिची सुटी, त्या दिवशी काम तिच्याच मळ्यात असलं तरी तिनं यायचं नाही. नुसतं पाहायलाही नाही. बांधावर पाय ठेवायचा नाही. लहानपणी मी विचारलं होतं, काहून वं माय? ती म्हणाली, “पाहाले आली म्हंजे हात लावशीन. हात लावला म्हंजे सुटी गेली.” आणि खरंच, एकदा एक काकू सुटीच्या दिवशी पाण्याची घागर ठेवायच्या निमित्तानं आली, तर तिघींनी तिला बांधावरूनच पिटाळली. घागरसुद्धा खाली ठेवू दिली नाही.

साहेबांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, वॉर्डातल्या दोन सिस्टर मला द्या, मी त्यांना सुया टोचायला, मशीन चालवायला शिकवते. त्यांच्या वॉर्डात काम जास्त असेल तेव्हा आम्ही तिकडे जाऊ. चौघी मिळून दोन्ही सांभाळू, आणि रोज चौघींतल्या एकीला सुटी. कोणाची कधी, ते आमचं आम्ही ठरवू. कोणाचं लेकरू तापलं तर सकाळी एक फोन, दुसरी येईल.

साहेबांनी चष्मा काढला. “ताई, तुम्हीच तर म्हणायच्या की फिश्चुलाला दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही.”

म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू. डायलिसिसच्या माणसाच्या हातावर ऑपरेशन करून एक फुगलेली शीर तयार करतात, तिला फिश्चुला म्हणतात. ती त्याची जन्माची शिदोरी. सुई चुकली तर हात काळानिळा होतो. आणि आमच्याकडचे पेशंट एकदा एका हाताला बसले की दुसरा हात घेत नाहीत. “तिचा हात हलका हाय,” म्हणतात आणि अडून बसतात. माझा हात हलका. शिरपूरचीचा त्याखालोखाल. त्या बोलण्यापायी मी आठ वर्षांत भावाच्या पोराच्या बारशालासुद्धा अर्धा दिवस गेले नव्हते. पेशंट अडून बसायचे, आणि मी त्यांना बसू द्यायची. चांगलं वाटायचं. वाटायचं तेव्हाची गोष्ट.

साहेब तयार झाले. पेशंट होईनात. त्यातही आसेगावचे काका. सत्तरीचे, वाळके, तोंडाचे पक्के. सोमवार, बुधवार, शुक्रवार यायचे. वावरात चार सरी भेदरे, म्हणजे टमाटे, लावलेले. किडनीच्या पेशंटला टमाटे चालत नाहीत. तरी दर सोमवारी पिशवीभर आणायचे आणि माझ्या टेबलावर ठेवायचे. “मले चालत नाई. तुमी खा. कोनी तं खाल्ले पायजे.” मी पिशवी घरी न्यायची, भावजय चटणी करायची. काकांना मी कधी साधं ‘छान आहेत’ म्हटल्याचं मला आठवत नाही.

वॉर्डातली मालेगावची सिस्टर पहिल्यांदा त्यांच्याकडे सुई घेऊन गेली, तर त्यांनी हात चादरीखाली घातला. “कायले? ताई मेली काय?”

“मी इथंच आहे काका,” मी म्हटलं.

“मंग तू टोच ना बाप्पा. इले कोंबड्याले टोचाले लाव आधी.”

मालेगावचीचा चेहरा एवढासा झाला. मग मी असं केलं, की सुई ती टोचणार आणि मी काकांचा दुसरा हात धरून उभी राहणार. पहिल्या दिवशी त्यांनी माझी बोटं अशी दाबली की अंगठी रुतली. ती चुकली नाही. दुसऱ्या आठवड्यात चुकली, हात सुजला, काकांनी तिच्या सात पिढ्या काढल्या, आणि पोरगी गच्चीवर जाऊन बसली. मला वाटलं, झालं, संपलं हे. पण संध्याकाळी काका जाताना म्हणाले, “थ्या पोरीले सांगा, बुधवारी डाव्या बाजूनं पाह्य म्हना. तिकडे शीर जाड हाय.” असे तीन महिने गेले.

माझी पहिली सुटी एका बुधवारी आली. मी घरी होते आणि काय करावं ते मला कळत नव्हतं. अंगण झाडलं. झाडलेलं अंगण परत झाडलं. माय ओट्यावर सांबाराच्या जुड्या बांधत बसली होती, म्हणाली, “बस ना वं जराक.” मी बसले. दुपारचा एक वाजला आणि मला वाटलं, आत्ता काकांना टोचत असतील. म्हटलं, माझा डबा कालचा तिकडेच राहिलाय, घेऊन येते. डबा राहिला होता हे खरं आहे. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

मी दारात उभी राहिले. आत पाचही मशीन चालू होत्या. काकांच्या दोन्ही सुया लागल्या होत्या आणि ते मालेगावचीला कसलीतरी गोष्ट सांगत होते. मी दिसल्यावर मोठ्यानं म्हणाले, “ताई! इचा हात तं तुमच्यापक्षा हलका निंघाला बरं का!”

सगळे हसले. मालेगावची लाजली. आणि मला राग आला. कसा आला म्हणून सांगू! कानशिलं गरम झाली. आठ वर्षं, म्हटलं, आठ वर्षं मी यांच्या शिरा सांभाळल्या, आणि ही काल आलेली. तेवढ्यात शिरपूरची मागून आली, माझा डबा माझ्या हातात कोंबला आणि मला दारातून बाहेर ढकललं. “तुमी काहून आल्या? सुटीवालीनं बांधावर याचं नाई, तुमीच सांगतलं ना? जा घरी!” एवढ्या जोरात ती माझ्यावर दोन वर्षांत ओरडली नव्हती.

मी वाटभर त्या काकांना मनात शिव्या देत आले. घरी येऊन डबा आपटला आणि मायला म्हटलं, “भेदरे आणून देतो म्हातारा, अन् असं बोलतो!” माय जुड्या बांधायची थांबली. म्हणाली, “बरं झालं माय. बोलली तरी.” तेव्हा मला कळलं की मी किती दिवसांनी रागावले होते. तेही फार वेळ टिकलं नाही. जेवणापर्यंत परत सगळं सपाट झालं. पण त्या दिवशीची वांग्याची भाजी तिखट होती हे मला कळलं होतं.

चौघींची सावड नीट चालली. शिरपूरची सुटीच्या दिवशी आमच्याकडे फिरकली नाही, फोनही नाही. एकदा सोमवारी आली तर तिच्या गालावर नखांचे ओरखडे. म्हटलं, हे काय? म्हणाली, “पोरीनं. सोडतच नव्हती, येऊच देत नव्हती.” आणि हे सांगताना ती हसत होती. मी मात्र तशीच. कामाला त्रास नव्हता, झोप लागायची, पण आतलं कुठलंही दार उघडलं नव्हतं. त्या बुधवारचा राग आठवून मी स्वतःला डिवचून पाहायची. काही नाही.

मग एका शुक्रवारी काका आले नाहीत. त्या दिवशी माझी सुटी होती आणि मी बांधावर गेले नाही. शनिवारी सकाळी गेले तर मालेगावची एकटीच पाच मशीन जोडत होती. म्हणाली, आसेगावचे काका गेले, झोपेतच, काल मुलगा सांगून गेला. मी विचारलं, शिरपूरची कुठाय? तिनं स्टोअरकडे बोट दाखवलं.

ती खोक्यांच्या मागं बसली होती, त्याच जागी. पदर तोंडात धरून रडत होती. मला पाहून घाबरली आणि उठायला लागली. “ताई, कालपासून फोन नाई केला मी त्या नंबरवाल्याले. करतच नव्हता होत. आत्ता करतो.”

माझ्या तोंडात ते जुनं वाक्य आलं होतं. बाहेर माणसं मशीनवर आहेत, हे. मी गिळलं ते. तिला खांद्याला धरून परत खाली बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं. “रड,” म्हटलं. “मी हावो बाहीर. फोन मी करतो. अन् उद्या रविवार, सोमवारी बी येऊ नको. तुही सुटी. माही घे.” ती आणखीच रडायला लागली. मी तिथं उभी राहून ते ऐकलं. देवा, हिचं राहिलं, म्हटलं. हिचं वाचलं.

यादी काढली. नंबर तीनदा पाहिला, एकेक आकडा बोटानं धरून. पलीकडे बाईच बोलली, पेशंटची बायको. मी म्हटलं, “दवाखान्यातून बोलतेय. सोमवारपासून तुमच्या मालकांना इथं घेऊन या. आता अकोल्याला जायचं काम नाही.”

“बाप्पा!” ती म्हणाली. तिला आनंद झाला होता. पण जागा कशी रिकामी होते, ते गावातल्या बाईला सांगावं लागत नाही. हळूच म्हणाली, “ताई, आधी कोन होतं वं थ्या जाग्यावर?”

आठ वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, सांगायला काय जातंय. “आसेगावचे एक काका होते,” मी म्हटलं. “तोंडाचे खराब. त्यांच्या वावरात भेदरे होते. त्यांना चालत नव्हते. म्हणून दर सोमवारी ते मला...”

पुढचं मला बोलता येईना. टेबलावर जिथं ती पिशवी असायची तिथं मी हात ठेवला होता. पलीकडून ती म्हणाली, “ताई? ताई, बसा तुमी. बसा खाली.” मी बसले, आणि तिनं फोन ठेवला नाही.